बारा, सोळा आणि वीस

विंडसरच्या त्या गल्लीतली सगळी घरं एका साच्यातली आहेत. युद्धाच्या काळात कारखान्यांतल्या कामगारांसाठी घाईघाईत उभी केलेली. दीड मजला, पुढे छोटासा पोर्च, पोर्चला तीन पायऱ्या. रोझलिन आणि ऍलनला इथे येऊन एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्या पायऱ्यांवरचा बर्फ रोझलिनने किती वेळा फावड्याने काढला असेल, ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन ती किती वेळा त्या चढली असेल, पण त्यांची उंची किती हे तिने कधी मोजलं नव्हतं. ऍलनला स्ट्रोक आला आणि मग तिने मोजली. जमिनीपासून दोन फूट.

ऑक्टोबरात स्ट्रोक आला. डिसेंबरात दोघा माणसांनी हॉस्पिटलमधून ऍलनला व्हीलचेअरसकट उचलून पोर्चवर आणून ठेवलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले होते. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं बोललेलं त्याचं इंग्रजी एका सकाळीत पुसलं गेलं होतं. मागे उरली होती ती वसईजवळच्या भुईगावची सामवेदी बोली, तीही एका वेळी एक शब्द. "पाणी." "थंडी." "क्रिस्टा?" क्रिस्टा म्हणजे त्यांची मुलगी. ती ओटावाला असते, तिथल्या कनाटा भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. रोज संध्याकाळी ती व्हिडिओवर यायची आणि बापाशी इंग्रजीत बोलायची. तो तिच्याकडे टक लावून पाहत राहायचा, आणि शेवटी डावा हात वर करायचा.

सगळा हिवाळा तो पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसून होता. रोझलिन एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला होती. ती दुपारी घरी यायची तेव्हा तो खिडकीत असायचा, सकाळी जिथे सोडून गेली होती त्याच जागी. डॉक्टरकडे न्यायचं असलं तरच तो बाहेर पडायचा, आणि तेव्हाही परक्या माणसांच्या हातांवर. त्यांनी उचललं की तो डोळे मिटून घ्यायचा. रोझलिनला ते मिटलेले डोळे बघवायचे नाहीत.

एप्रिलात बर्फ गेला. समोरच्या मेपलला लालसर कोंब आले. एका सकाळी ती त्याच्यासमोर चहा ठेवत होती, तेव्हा खिडकीवरची नजर न काढता तो म्हणाला, "बाहेर."

रॅम्प बांधणाऱ्या एका माणसाला तिने बोलावलं. तो आला, दारातूनच बघून गेला आणि म्हणाला, ऑगस्टच्या आधी जमणार नाही, हातातली कामं खूप आहेत. दुसऱ्याने फोनच उचलला नाही. क्रिस्टाचं मत ठरलेलं होतं. "मॉम, सेल द हाऊस. एलिव्हेटर असलेला काँडो घ्या."

"ऑगस्टपर्यंत तुझे पप्पा खिडकीतच बसणार?"

"देन व्हॉट डू यू वॉन्ट टू डू?"

फोन ठेवून रोझलिन बाहेर गेली, पोर्चच्या कडेला उभी राहिली आणि भिंतीच्या बाजूने पावलं टाकत ड्राइव्हवेपर्यंत गेली. मग परत आली. पुन्हा गेली. शेजारची बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिला वाटलं हिचं काही हरवलं आहे.

तसं हरवलंच होतं, पण फार पूर्वी.

रोझलिनचे वडील इनास वसईत गिरीजचे गवंडी. पंचक्रोशीत त्यांना सगळे इनास गवंडीच म्हणायचे. आडनाव लग्नाच्या पत्रिकेपुरतं. घराचा पाया आखायचा असला की ते रोझलिनला सोबत न्यायचे, कारण मायकल, तिचा धाकटा भाऊ, तेव्हा अगदीच लहान होता आणि दोरीचं टोक धरायला कुणीतरी हवं असायचं. सातव्या-आठव्या वर्षापासून ती ते टोक धरत होती. खुंटी ठोकायची, तिला लाईनदोरी गुंडाळायची, ती एका कोपऱ्यात घट्ट धरून बसायचं. पप्पा एका बाजूने तीन हात मोजायचे, दुसऱ्या बाजूने चार हात, आणि त्या दोन खुणांमध्ये तिरकी दोरी ताणायचे. ती बरोबर पाच हात भरली तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. नाही भरली तर खुंटी उपटून पुन्हा. पाच जुळले की पप्पा मूठभर चुन्याची फक्की घेऊन दोरीखाली सोडत जायचे, आणि जमिनीवर पांढरी रेघ उमटत जायची. उद्या ज्या घरात कुणी जन्मेल, कुणी मरेल, त्या घराचा पहिला कोपरा त्या रेघेत दिसायचा. ती रेघ पुसू नये म्हणून रोझलिन पाय उचलून टाकायची.

नववीत भूमितीच्या बाईंनी फळ्यावर पायथागोरसचं प्रमेय लिहिलं. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. मग खडू खाली ठेवून त्यांनी वर्गाला विचारलं, "समजा गुण्या नाही, कोनमापक नाही, हातात नुसती दोरी आहे. काटकोन कसा काढाल?"

रोझलिन उभी राहिली. "बाई, तीन, चार आणि पाच मोजायचे. तिन्ही जुळले की कोपरा आपोआप गुण्यात येतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"पप्पा असंच करतात."

बाई हसल्या नाहीत. नऊ अधिक सोळा बरोबर पंचवीस, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना सांगितलं की प्रमेय म्हणतं, काटकोन असेल तर हे गणित जुळतं. रोझलिनचे पप्पा उलटीकडून येतात, गणित जुळलं तर काटकोन असतोच. याला प्रमेयाचा व्यत्यास म्हणतात, आणि पाया आखणाऱ्याच्या उपयोगाला येतो तो हाच.

ती धावत घरी गेली. "पप्पा, तुमच्या दोरीचं नाव पुस्तकात आहे!" पप्पा हात धूत होते. "नाव कशाला पाहिजे त्याला?" ते म्हणाले, पण रात्री जेवताना त्यांनी तिला तो शब्द पुन्हा विचारला. व्यत्यास. दोनदा म्हणून बघितला.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत, सांडोरला एका मोठ्या घराची आखणी होती, तेव्हा ती डबा घेऊन फाटकापाशी तयार उभी होती. पप्पा सायकल काढत म्हणाले, "आजपासून मायकल येईल." तिच्याकडे न बघता म्हणाले. "तू आता मोठी झालीस. साइटवर बरं दिसत नाही." मायकल आठ वर्षांचा होता. त्याला यायचंही नव्हतं. तो सायकलच्या दांड्यावर रडवेला होऊन बसला आणि दोघं गेले. रोझलिनने डब्यातली भाकरी कोंबड्यांना घातली.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. बारावी, टायपिंग, भुईगावच्या ऍलनशी लग्न, कॅनडा. मायकल गवंडी झालाच नाही, पालिकेत क्लार्क झाला. पण कुठल्याही नव्या इमारतीत शिरलं की रोझलिनची नजर आधी कोपऱ्यांवर जायची. वृद्धाश्रमाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये जेवणाची ट्रॉली ढकलताना तिला कळायचं की तिसऱ्या वळणावरच्या फरशा तिरक्या बसवल्या आहेत. हे ती कुणालाच सांगायची नाही. कुणाला सांगणार?

रविवारी चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर ती माहेरी फोन लावायची. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. पप्पा आता पंच्याऐंशीचे झाले होते. ऐकू कमी येत होतं, सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या घराला किती गोणी सिमेंट लागलं ते लख्ख आठवत होतं. मायकल फोन त्यांच्या कानाशी धरायचा.

त्या रविवारी तिने विचारलं, "पप्पा, जुन्या घराला लागून काम करायचं असलं तर आखणी कुठून धरायची? भिंतीवरून?"

मायकलने प्रश्न त्यांच्या कानाशी मोठ्याने पुन्हा सांगितला.

"जुन्या भिंतीची एकच बाजू खरी मानायची," पप्पा म्हणाले. "दुसरी बाजू दोरीने काढायची. डोळ्याला सरळ दिसतं म्हणून फसायचं नाही." मग विचारलं, "दोरी कोण धरतोय?"

"मी बघते, पप्पा."

"दोघं लागतात," पप्पा म्हणाले, आणि मग मायकलला विचारू लागले की दिवे का लावले नाहीत.

त्या दिवशी दुपारी किचनच्या टेबलावर, दुकानाच्या जाहिरातीच्या कागदामागे रोझलिनने आकृती काढली. वृद्धाश्रमात ट्रॉल्या ढकलून तिला चढ-उताराचं शहाणपण आलं होतं: एक इंच चढायला बारा इंच लांबी. दोन फूट चढायला चोवीस फूट. पुढचं अंगण एकवीस फुटांचं; सरळ रॅम्प मावत नव्हता. म्हणून भिंतीच्या कडेने बारा फूट, मग पाच फुटांचं चौकोनी लँडिंग, तिथे काटकोनात वळायचं आणि रस्त्याच्या दिशेने आणखी बारा फूट. प्रत्येक तुकड्यात एक फूट उतार.

आता लाकूड किती लांब? जमिनीवर बारा फूट म्हणून बारा फुटांचं लाकूड आणलं तर? ती थांबली. लाकूड जमिनीवर झोपत नाही, ते तिरकं जातं. ते कर्ण आहे. एकशे चव्वेचाळीस इंचांचा वर्ग वीस हजार सातशे छत्तीस. बारा इंचांचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. बेरीज वीस हजार आठशे ऐंशी. वर्गमूळ तिने हाताने काढलं, शाळेत काढायचे तसं, फोन बाजूलाच पडलेला असताना. उत्तर एकशे साडेचव्वेचाळीस, जेमतेम एक केस कमी. म्हणजे बारा फुटांत अर्धा इंच जास्त.

ती हसली. दाराच्या चौकटीतून ऍलन बघत होता. तिने कागद त्याच्यासमोर नेऊन धरला. तो आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, आकृती वाचायला त्याला शब्दांची गरज नव्हती. त्याचं डावं बोट रेघेवरून फिरलं, वळणावर आलं आणि थांबलं.

"हो," रोझलिन म्हणाली. "तिथेच सगळं आहे."

सिटीच्या ऑफिसात तिने तोच कागद नीट काढून दिला, आणि परवानगी आली. लाकडाच्या वखारीतला गोरा म्हातारा यादी बघून म्हणाला, "चौदा फुटी? बारा फुटी पुरतील की."

"अर्धा इंच कमी पडेल."

त्याने चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. "सगळे बारा फुटी नेतात," तो म्हणाला, "आणि मग जोड द्यायला परत येतात." त्याने स्वतःच्या हाताने तिला बिनगाठीची लाकडं निवडून दिली.

मेच्या पहिल्या शनिवारी आखणी होती. तिने ऍलनला जाकीट घातलं, गुडघ्यांवर ब्लँकेट टाकलं आणि त्याची खुर्ची पोर्चच्या कडेला, भिंतीजवळच्या खांबापाशी आणून ब्रेक लावला. टेपचं शून्याचं टोक त्याच्या डाव्या हातात दिलं.

"खांबाला टेकवून धरायचं. सोडायचं नाही."

त्याने टोक धरलं. कित्येक महिन्यांनंतर त्याला कुणीतरी काम सांगितलं होतं.

पोर्च जमिनीपासून दोन फूट वर, म्हणून तिने बाकीच्या दोन खुंट्याही उंच घेतल्या होत्या. दोरी पाण्यासारखी सपाट राहायला हवी. उतरत्या दोरीचं माप खोटं. भिंतीच्या कडेने बारा फुटांवर तिने पहिली खुंटी ठोकली. तिथून रस्त्याकडे जायचं. ड्राइव्हवेची काँक्रीटची कड घराला काटकोनात दिसत होती, म्हणून त्या कडेपासून दोन्ही टोकांना सारखं अंतर ठेवून तिने दोरी ताणली आणि सोळा फुटांवर दुसरी खुंटी ठोकली. बारा आणि सोळा. तीन आणि चारची चौपट. म्हणजे तिरकं अंतर वीस फूट यायला हवं, ना कमी ना जास्त.

ती टेप ओढत दुसऱ्या खुंटीशी गेली आणि वाकून पाहिलं. वीस फूट चार इंच.

"ऍलन, नीट धरलंस ना?"

त्याने मान हलवली. तिने टेप झटकून पुन्हा ताणली. वीस फूट चार इंच. चार इंच जास्त, म्हणजे कोपरा उघडलेला. ती मागे सरकून ड्राइव्हवेकडे बघत राहिली. एकोणीस वर्षं त्या कडेने तिने गाडी आत घेतली होती आणि एकदाही तिच्या लक्षात आलं नव्हतं की ती वाकडी आहे. तिच्यावर भरवसा ठेवून लँडिंग बांधलं असतं तर वळणावर फळ्यांमध्ये पाचरीसारखी फट राहिली असती, आणि खुर्चीचं पुढचं छोटं चाक नेमकं त्यात अडकलं असतं. पप्पांचे शब्द तिला आता पुरते कळले.

तिने खुंटी उपटली. घराकडे, पोर्चच्या बाजूला चार बोटं सरकवली, सोळा पुन्हा मोजले, तिरकं मोजलं. अजून दोन इंच जास्त. पुन्हा उपटली. वारा सुटला होता आणि टेपचं पातं थरथरत होतं.

"ढिली!" पोर्चवरून आवाज आला.

तिने चमकून वर पाहिलं. ऍलन कपाळाला आठ्या घालून टेपकडे बघत होता, कारखान्यात नव्या पोरांकडे बघायचा तसा. "ढिली," तो पुन्हा म्हणाला.

तिने टेप ताणली. खुंटी आणखी तीन बोटं सरकवली. बारा. सोळा. ती गुडघ्यांवर बसली. वीस.

ती उठलीच नाही. थंड ओल्या गवतावर तशीच बसून राहिली. चौदाव्या वर्षी ज्या सायकलवर तिला बसू दिलं नव्हतं ती सायकल, सांडोरचा रस्ता, मायकलचं रडवेलं तोंड, सगळं एकदम वर आलं. तिला पप्पा हवे होते. आत्ता, इथे, कमरेवर हात ठेवून उभे. त्यांनी टेप बघायला हवी होती. ऍलनने टोक सोडलं नव्हतं. ते अजून खांबालाच टेकलेलं होतं.

"झालं," ती म्हणाली. "सोड आता."

त्याने अजून क्षणभर सोडलं नाही.

पुढचे चार आठवडे शनिवार-रविवार काम चाललं. सिमेंटचे ठोकळे, त्यावर आडवी लाकडं, मग फळ्या. मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला, तीन दिवसांच्या सुट्टीत, क्रिस्टा आली. ती आली ती आईला समजावायला, पण अंगण बघून गाडीच्या दारातच उभी राहिली. भिंतीकडचा तुकडा आणि लँडिंग पुरं झालं होतं.

"मॉम, तू हे कुठे शिकलीस? यूट्यूब?"

"गिरीजला."

"यू नेव्हर टोल्ड मी."

"तू कधी विचारलं नाहीस," रोझलिन म्हणाली, आणि मग तिला वाटलं हे काही खरं नाही. तिनेच कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते तिला वाटलंच नव्हतं. तिने ड्रिल लेकीच्या हातात दिलं. "फळी दाबून धर. दोन फळ्यांत पाव इंच फट सोडायची." तीन दिवस क्रिस्टाने फळ्या धरल्या, स्क्रू मारले, हाताला फोड आणले. काँडोचं नाव काढलं नाही. ड्राइव्हवे आणि रॅम्प यांच्यामध्ये जमिनीची एक निमुळती पट्टी उरली होती, त्या वाकड्या कडेमुळे. जायच्या आधी तिने त्यात मेथी पेरली.

रॅम्प पुरा झाला त्या रविवारी रोझलिनने माहेरी व्हिडिओ लावला. मायकलने पप्पांना गादीवर उठवून बसवलं होतं. तिने फोन हातात धरून पोर्चपासून सावकाश चालायला सुरुवात केली. पहिला उतार, वळण, दुसरा उतार. कठडा. फळ्या. पप्पा डोळे बारीक करून बघत होते.

"वळणावर परत घे," ते म्हणाले. तिने घेतलं. "गुण्यात आहे?"

"आहे, पप्पा. बारा, सोळा, वीस."

"पाणी कुठून जाणार?"

"फळ्यांमध्ये फट ठेवली आहे."

"किती?"

"पाव इंच."

"हं," पप्पा म्हणाले. रोझलिनच्या लहानपणी दिवसभर उन्हात राबलेल्या गड्याला त्यांच्याकडून फार तर हा एक हुंकार मिळायचा, आणि तो गडी आठवडाभर छाती काढून चालायचा.

मग पप्पा म्हणाले, "मायकलने केलं?"

पडद्याच्या कडेला मायकलचा चेहरा दिसत होता. तो घाईने त्यांच्या कानाशी वाकला. "नाही पप्पा, रोझलिनने केलंय. रोझलिनने."

"रोझलिन कॅनडाला आहे," पप्पांनी त्याला शांतपणे सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. आणि पुन्हा फोनकडे वळले. "चांगलं झालंय. मायकलला सांग. चांगलं झालंय म्हणावं."

मायकलने मान खाली घातली. पंचेचाळीस वर्षं उलटली तरी त्याचं तोंड तसंच दिसलं, दांड्यावर बसलेल्या त्या पोरासारखं.

"सांगते, पप्पा," रोझलिन म्हणाली.

फोन बंद केल्यावर ती लँडिंगवर बसली. तिला रडायला येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्यांनी नीट पाहिलं होतं. पाण्याचं विचारलं होतं. पंचेचाळीस वर्षं वाट बघून मिळालं ते दुसऱ्याच्या नावाने मिळालं, पण कामाकडे बघूनच मिळालं, आणि काम तिचं होतं. याहून जास्त आता मिळणार नव्हतं, हेही तिला कळत होतं. बसल्या बसल्या तिचा तळहात फळ्यांवरून फिरत राहिला.

ऍलन पहिल्यांदा खाली उतरला तेव्हा त्याने डोळे उघडे ठेवले. रोझलिन मागून खुर्ची धरून होती, पण फारसा जोर लागला नाही. वळणावर त्याने हात वर केला, म्हणून ती थांबली. तो तिथे पाच मिनिटं बसला. मेपलकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, मान वळवून स्वतःच्या खिडकीकडे बाहेरून पाहिलं. मग हात पुढे केला, की चला.

त्यानंतर रोज ते कुठे ना कुठे जाऊ लागले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग चर्चपर्यंत. जूनच्या शेवटी एका दुपारी ती त्याला बसने नदीवर घेऊन गेली. तिथे काठाने लांबच लांब बाग आहे, आणि पलीकडे पाण्यापार डेट्रॉइटच्या उंच इमारती. लोक सायकली चालवत होते. खनिज भरलेलं एक लांबलचक जहाज पुलाखालून हळूहळू येत होतं. रोझलिनने खुर्ची कठड्याशी लावली आणि शेजारच्या बाकावर बसून डबा उघडला.

ऍलन पाण्याकडे बघत होता. भुईगावला त्याच्या घरची वाडी जिथे संपायची तिथून समुद्र चार हातांवर होता. लहानपणी चुलत्याबरोबर तो रेतीतून तिसऱ्या, त्या छोट्या शिंपल्या, काढायला जायचा, आणि पाण्याची वेळ त्याला घड्याळाशिवाय कळायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो रोझलिनला रोज सांगायचा, आज पाणी किती वाजता फिरेल. कॅनडात आल्यावर ते बोलणं बंद पडलं. ते बंद पडलं हे तिला आत्ता, इतक्या वर्षांनी जाणवलं.

"भरती की ओहोटी?" ऍलनने विचारलं.

तिचा घास हातातच राहिला. ऑक्टोबरपासून त्याने तीन शब्द सलग जोडले नव्हते.

तिने नदीकडे पाहिलं. ही नदी एका तळ्यातून निघते आणि दुसऱ्या तळ्यात जाते. पाणी वर्षभर एकाच दिशेने वाहतं, चढत नाही की उतरत नाही. खाऱ्या वाऱ्याचा वास नाही, ओल्या रेतीचा नाही. हे त्यालाही माहीत होतं. निदान पूर्वी तरी होतं.

"ओहोटी," ती म्हणाली. "भरतीला अजून वेळ आहे."

ऍलनने मान डोलावली. जहाज त्यांच्यासमोरून जाऊ लागलं, आणि त्याच्या मागून आलेल्या लाटा दगडांवर आपटल्या.

"मग थांबू," तो म्हणाला.

तिने डब्यातलं अर्धं त्याच्या पुढ्यात ठेवलं, खुर्चीचा ब्रेक लावलेला आहे ना ते पाहिलं, आणि सव्वापाचची बस जाऊ दिली.